मोबाईलवरील पैशांची देवघेव व शेतकऱ्यांनी घ्यावयाची दक्षता

मनीऑर्डर घरपोच येत असे त्या काळी पोस्टमनने पुढे केलेल्या कागदावर सही किंवा अंगठा केल्याखेरीज पैसे हाती पडत नसत. सोसायटीचे कर्ज उचलताना अगर बँकेतून रक्कम काढताना हाच प्रघात होता. पैसे घेणाराने खूण द्यावयाची, ही गोष्ट आपल्या शेतकऱ्याच्या मनात पिढ्यान् पिढ्या पक्की बसलेली आहे. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीत मात्र हा प्रघात उलटा झाला. तेथे खूण द्यावयाची ती पैसे देणाराने. घेणाराला काहीच करावे लागत नाही. हा फरक ज्याच्या ध्यानी आला नाही, त्यालाच भामटे प्रथम गाठतात.

यूपीआयचा चार किंवा सहा अंकी पिन म्हणजे पैसे काढण्याच्या पावतीवरील सही होय. खात्यातील शिल्लक पाहतानाही तो लागतो, परंतु पैसे येण्यासाठी तो कधीही लागत नाही. म्हैस, कडबा अथवा जुना ट्रॅक्टर विकावयाची जाहिरात मोबाईलवर दिली की एखादा गिऱ्हाईक बोलतो, ‘मी लष्करात आहे, माल न पाहताच घेतो, विसार आत्ताच पाठवितो.’ मग तो एक क्यूआर चौकट पाठवितो, ती स्कॅन करून पिन टाकावयास सांगतो आणि विसार येण्याऐवजी शेतकऱ्याच्याच खात्यातील रक्कम निघून जाते. पूर्वी हेच काम ‘पैशांची मागणी’ पाठवून केले जाई. व्यक्ती-व्यक्तींमधील व्यवहारांत ती सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली आहे. क्यूआर चौकटीची युक्ती मात्र शिल्लक आहे.

दुसरा प्रकार अधिक घातक आहे, कारण त्यात शेतकऱ्याला पिन विचारलाच जात नाही. पीएम किसान सन्मान निधी योजना फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली. तिच्यात वर्षाला ६,००० रुपये दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांनी खात्यात जमा होतात. हप्त्याची वेळ जवळ आली की ‘आपले नाव यादीतून वगळले आहे, ई-केवायसी पूर्ण करा’ असा संदेश व सोबत योजनेच्या नावाची एक फाइल येते. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही तीन अक्षरे असतात. ती उघडताच मोबाईलमध्ये एक ॲप बसते व संदेश वाचण्याची परवानगी मागते. परवानगी मिळाली की बँकेकडून येणारे ओटीपी परस्पर भामट्याकडे जाऊ लागतात. इतकेच नव्हे, तर हीच फाइल त्या मोबाईलवरून सर्व गटांना आपोआप पाठविली जाते. ई-केवायसी करावयाची ती योजनेच्या अधिकृत संकेतस्थळावर, प्ले स्टोअरमधील अधिकृत ॲपवर किंवा सेवा केंद्रात अंगठा देऊन. त्यासाठी कोणतेही खाते व्हॉट्सॲपवर फाइल पाठवीत नाही.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडी आमच्या तालुक्यातील शेतकरी गटात अशी फाइल आली ती माझ्या एका सहकाऱ्याच्या क्रमांकावरून. त्याने ती पाठविली नव्हती. त्याचा मोबाईल आधीच भामट्यांच्या ताब्यात गेला होता. परंतु ‘साहेबांनी पाठविली आहे’ एवढ्यावर अनेकांनी ती उघडली. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. लोकांचा आपल्या नावावर जो विश्वास असतो, तोच या धंद्याचे भांडवल आहे. आपण स्वतः योजनेची माहिती वेळोवेळी फाइल व दुव्यांच्या रूपाने गटात टाकीत राहिलो, तर खरी फाइल कोणती व खोटी कोणती हे शेतकऱ्याने ओळखावे तरी कसे, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सुटलेला नाही.

सौर पंपाच्या बाबतीत फसवणूक आणखी पटण्याजोगी होते. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला ५ टक्के हिस्सा खरोखरच भरावा लागतो. त्यामुळे ‘हिस्सा भरा’ हा संदेश खोटा वाटत नाही. म्हणून पैसे भरण्यापूर्वी महावितरणच्या कार्यालयात आपला अर्ज क्रमांक दाखवून खात्री करावी. कोणा व्यक्तीच्या नावावरील खात्यात किंवा मोबाईल क्रमांकावर हिस्सा पाठवू नये.

अंगठ्याच्या व्यवहाराविषयी थोडक्यात. आधारशी जोडलेल्या खात्यातून बँक मित्राकडे केवळ आधार क्रमांक व अंगठा देऊन पैसे काढता येतात. ‘सर्व्हर चालत नाही, पुन्हा अंगठा ठेवा’ असे सांगितल्यास आधीच्या व्यवहाराची पावती मागावी आणि शिल्लक पाहूनच दुसऱ्यांदा अंगठा ठेवावा. आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद करण्याचीही सोय आहे. मात्र कुलूप असताना अंगठ्याने ओळख पटविण्याची इतर कामेही अडतात, हे लक्षात ठेवून ते तात्पुरते उघडावे.

आता फसवणूक झाल्यानंतर काय करावे, ते पाहू. १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. त्यावर बँकेचे नाव, खाते क्रमांक, गेलेली रक्कम, वेळ व व्यवहार क्रमांक सांगावा लागतो. ही माहिती लगेच संबंधित बँकांकडे जाते व रक्कम ज्या खात्यात पोचली असेल तेथेच ती रोखण्याचा प्रयत्न होतो. परंतु भामटे ती फार काळ एका खात्यात ठेवीत नाहीत. एका खात्यातून चार खात्यांत, तेथून एटीएममधून रोख, असा तिचा प्रवास काही तासांतच उरकतो. म्हणून ठाण्यात जाण्यापूर्वी दूरध्वनी करावा आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर तक्रार नंतर पूर्ण करावी. बँकेलाही त्याच वेळी कळवून तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी बँकांना घालून दिलेल्या नियमांत असे ठरले की, बँक व खातेदार दोघांचाही दोष नसता तिसऱ्यानेच रक्कम काढली असल्यास व तीन कामाच्या दिवसांत कळविल्यास खातेदारावर नुकसानीचा भार पडत नाही. खातेदाराने स्वतः पिन वा ओटीपी दिला असेल तर कळविण्यापूर्वीचे नुकसान त्याचे, कळविल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे चूक आपली असली तरी कळविण्यात लाभ आहे.

वर सांगितलेल्या प्रसंगी एका तरुण शेतकऱ्याच्या मुलीने अर्ध्या तासात १९३० वर कळविले. त्यांची बरीचशी रक्कम पुढच्याच खात्यात रोखली गेली व न्यायालयाच्या आदेशाने काही महिन्यांनी परत आली. त्याच गावातील एका वृद्ध शेतकऱ्याच्या खात्यातून पीककर्जाचे ३८,००० रुपये गेले होते. चार दिवस त्यांनी ही गोष्ट घरातही सांगितली नाही. पाचव्या दिवशी बियाण्याची चौकशी करावयास ते कार्यालयात आले आणि जाता जाता, लाजत, बोलले. आम्ही तेथूनच दूरध्वनी लावला, परंतु तोपर्यंत खात्यांत काही उरले नव्हते. त्या हंगामात त्यांनी सोयाबीन पेरले ते भावाकडून उसनवारीने.

आता आमच्या तालुक्यात हप्ता जाहीर झाला की ग्रामपंचायतीच्या फलकावर खडूने दोन क्रमांक लिहिले जातात : योजनेच्या चौकशीसाठी १५५२६१ व फसवणुकीसाठी १९३०. गटात फाइल टाकावयाची नाही, असे आम्ही आपसांत ठरविले आहे. ज्या सहकाऱ्याच्या क्रमांकावरून ती फाइल गेली होती, तो आता फलक लिहावयास स्वतः जातो व वाचता न येणाऱ्यांना ते दोन्ही क्रमांक त्यांच्या मोबाईलमध्ये साठवून देतो.