शिकवायची नोकरी की विकायची?

परवाच्या रविवारची गोष्ट. चहाचा दुसरा कप हातात होता, पेपर पसरलेला होता आणि फोन वाजला. अनोळखी नंबर.

"नमस्कार्री सर, बेंगळूरिंद माताडाकत्तीनरी."

मुलीचा आवाज. आमचे चिरंजीव नववीत आहेत आणि गणितात मागे आहेत, हे तिला ठाऊक होतं. चिरंजिवांनी मोबाईलवर कसलीशी मोफत चाचणी सोडवली होती, तिथून सगळी माहिती गेली असणार. मी फोन कानाला लावूनच सौं.ना म्हटलं, "अगं, तुझ्या लेकाच्या गणिताची कीर्ती पार बंगळूरला पोचली." तिकडे ते ऐकू गेलं. क्षणात ती कन्नडवरून मराठीवर आली. "काका, काळजी करू नका, नववीच वळणाचं वर्ष असतंय..."

मी दोन प्रश्न विचारले आणि ती एकदम गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "सर... तुम्ही आमचे मराठीचे सर न्हवं?"

मीही आवाज ओळखला. गेल्याच वर्षी बी.ए. झालेली आमची विद्यार्थिनी. "सर, रात्री माझ्या फोनवरून बोलते," म्हणाली आणि फोन ठेवला. माझा चहा निवून गेला. कारण त्या कंपनीच्या मुलाखतीला तिला मीच पाठवलं होतं.

आमच्या कॉलेजात प्लेसमेंटचं काम माझ्याकडे आहे. काम म्हणजे काय, तर आलेली पत्रं नोटीस बोर्डावर लावायची आणि मुलांची यादी करायची. एरवी येणाऱ्या कंपन्यांना बी.कॉम. आणि कॉम्प्युटरवाली मुलं हवी असतात. मराठी, इतिहास घेतलेल्यांकडे कोण बघतो? अशात ऑनलाईन शिक्षण देणाऱ्या एका कंपनीचं पत्र आलं. पद 'ॲकॅडेमिक कौन्सेलर', पदवी कुठलीही, मराठी आणि कन्नड दोन्ही बोलता आलं पाहिजे. मला तर हर्ष झाला. आपल्या सीमाभागातल्या पोरांच्या दोन भाषांना कुणीतरी दाम द्यायला निघालं होतं! मी वर्गावर्गात जाऊन सांगितलं. चौदा मुलांनी नावं दिली. त्या कंपनीच्या, आणि पुढे तशाच दुसऱ्या कंपन्यांच्याही, मुलाखती देऊन आलेली मुलं मला भेटत राहिली. मी "झालं का सिलेक्शन?" एवढंच विचारत राहिलो. आत काय झालं, हे कधी विचारलं नाही. त्या रात्रीच्या फोननंतर मात्र एकेकाला विचारत सुटलो.

तिची मुलाखत

पहिली फेरी फोनवर झाली. दुसरी गटचर्चा. तिसऱ्या फेरीला तिला राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून बंगळूर गाठावं लागलं. तिथे 'मॉक कॉल' होता, म्हणजे खोटा खोटा फोन. समोरचा मॅनेजर म्हणाला, "मी खानापूर तालुक्यातला शेतकरी. दोन एकर जमीन, मुलगी आठवीत. कोर्स पस्तीस हजारांचा आहे. मला पटव."

तिनं सुरुवात केली, "काका, मुलगीला कुठला विषय जड जातोय? शाळेतल्या बाई काय म्हणतात?"

मॅनेजरनं हात वर करून थांबवलं. म्हणाला, "चौकशी नको. शेजारच्याची मुलगी पुढं जाईल, तुमची मागं राहील, हे सांग. पैसे नाहीत म्हणाला तर हप्त्याचं सांग. बाकी ते 'काका' छान होतं, ते ठेव."

दुसऱ्या खेपेला तिनं तसं केलं. पास झाली.

"सर," ती फोनवर म्हणाली, "तुम्हाला माहीत आहे न्हवं, आमचं गाव खानापूर तालुक्यातलंच. दोन एकरच. तिथं बसून मी माझ्या बाबांनाच कोर्स विकला. पास झालो, खरं आनंद काय झाला नाही."

मी काय बोलणार? 'कौन्सेलर' हा शब्द मीच तिला 'समुपदेशक' असा उलगडून सांगितला होता. मराठीचा मास्तर मी, आणि शब्दाला फसलो.

दोघांचे आणखी अनुभव

निपाणीकडचा एक मुलगा दुसऱ्या कंपनीत गेला होता. जाहिरातीत वर्षाला सहा लाख लिहिले होते. त्यानं मुलाखतीत सरळ विचारलं, "यातले पक्के किती आणि टार्गेट झालं तरच मिळणारे किती?" उत्तर आलं, "भुकेलेल्या माणसाला असले प्रश्न पडत नाहीत." तो नापास झाला, कारण 'एनर्जी कमी'. पुढे खोदून खोदून चौकशी केली तेव्हा कळलं, निम्मे पैसे टार्गेटवर होते. शिवाय पहिले काही आठवडे प्रशिक्षणाचे, त्यात विक्री झाली नाही तर घरी. मुलगा आता निपाणीतच शिकवण्या घेतो. पैसे कमी, पण महिन्याचे महिन्याला.

सगळ्याच कंपन्या एका माळेचे मणी नव्हेत, हेही सांगितलं पाहिजे. आमच्याच कॉलेजातून भौतिकशास्त्र घेऊन पुढे एम.एस्सी. झालेली एक मुलगी मुलांच्या शंका सोडवण्याच्या कामासाठी मुलाखतीला बसली. आधी लेखी गणितं. मग कॅमेऱ्यासमोर वीस मिनिटं शिकवायला लावलं. मग विषयाच्या जाणकारानं तासभर प्रश्न विचारले. उत्तर काय, यापेक्षा ते आठवीच्या मुलाला कसं सांगशील यावर त्याचा भर होता. कुठे चुकलं तेही त्यानं शेवटी सांगितलं. आज ती हुक्केरीत घरी बसून काम करते आणि आईवडिलांना बघते. ही शिकवायची नोकरी. पहिल्या दोन मुलाखती विकायच्या नोकरीच्या होत्या.

विक्री हे काही हलकं काम नव्हे. आपल्या रविवार पेठेतले व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आले. पण ते तांदूळ तांदूळ म्हणूनच विकतात. घेणारा मूठभर हातात घेऊन बघतो. इथे विक्रेत्याला शिक्षक म्हणायचं आणि भीतीला सल्ला म्हणायचं, हे खटकतं.

फुगा आणि टाचणी

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि घराघरांत मोबाईलवर वर्ग सुरू झाले. या धंद्याला सोन्याचे दिवस आले. बायजूजचं नाव तर त्याआधीपासून, २०१९ पासून, भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर होतं. २०२२ मध्ये या कंपनीचं मूल्य २२ अब्ज डॉलर धरलं गेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात सुमारे अडीच हजार नोकऱ्या कमी करणार असल्याचं तिनं जाहीर केलं. जुलै २०२४ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या बंगळूर पीठानं तिच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. एवढी मोठी कंपनी अशी खाली येते, तर केवळ जाहिरात बघून मुलाला बंगळूरला धाडताना आपण थोडं थांबायला हवं.

केंद्र सरकारच्या शिक्षण खात्यानंही डिसेंबर २०२१ मध्ये पालकांसाठी सूचना काढल्या होत्या. खात्यातून आपोआप पैसे वळते होण्याचा पर्याय टाळा, 'मोफत' म्हणतात ते नीट तपासा, अटी वाचा, माहीत नसलेल्या कर्जावर सही करू नका, असा त्यांचा आशय. ती सूचना पालकांसाठी होती. पण मला वाटतं, मुलाखतीला जाणाऱ्या मुलांनीही ती वाचावी. उद्या फोनवर आपण काय बोलायचं आहे, ते तिच्यावरून कळतं.

जाण्याआधी विचारा

घरात कुणी अशा मुलाखतीला निघालं असेल तर एवढं विचारायला सांगा. काम शिकवण्याचं की विक्रीचं? दर महिन्याला हातात पक्के किती? टार्गेट किती, आणि नाही झालं तर काय? प्रशिक्षणाच्या काळात पगार मिळतो का? मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणार का, अनामत मागणार का? दोन्हींना 'नाही' हेच उत्तर हवं. आणि नियुक्तीपत्र कधी? २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांप्रमाणे प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र द्यायला हवं. मागायला लाजू नये. या प्रश्नांना कुणी चिडलं, तर तेही एक उत्तरच समजावं.

हे प्रश्न मी आता छापून नोटीस बोर्डावर लावले आहेत, कंपनीच्या पत्राच्या शेजारीच. हे काम खरं तर माझं पहिल्या दिवसापासून होतं.

त्या मुलीनं अजून नोकरी सोडलेली नाही. धाकट्या भावाची फी तिच्या पगारातून जाते. "दुसरं मिळालं की सोडते सर," म्हणाली. दुसरं शोधण्याची जबाबदारी आता माझीही आहे. दोन्ही भाषांत नीट लिहू शकणारी मुलगी आहे. भाषांतराचं काम कुठे मिळतं का, ते दोघं मिळून बघतो आहोत.

फोन ठेवता ठेवता ती जे बोलली, ते डोक्यातून जात नाही. "सर, मराठी घरात काका-मावशी म्हणायचं, कन्नड घरात अण्णारी-अक्कारी. माणसं लगेच ऐकतात. आम्हाला घेतलंय ते त्याच्यासाठीच."

आपल्या गल्लीत आपण या हाका रोज मारतो. मारुती गल्लीतला मराठी पोरगा शेजारच्या लिंगायत आजींना 'अज्जी' म्हणत मोठा होतो. ही आपली कमाई आहे, कुठल्या विद्यापीठाच्या पदवीत ती मिळत नाही. तिला बाजारात दाम मिळतो आहे, तर मिळू दे. पण ज्याला काका म्हटलं, त्याच्या दोन एकरांचा विचार काका म्हणणाऱ्यानं करायला नको का?

चिरंजिवांच्या गणिताचं म्हणाल तर कोर्स घेतला नाही. रोज संध्याकाळी अर्धा तास मीच बसतो. मराठीचा मास्तर आणि नववीचं बीजगणित! दोघेही मिळून चुकतो, पण चूक सापडली की दोघेही हसतो.