साग आणि कारवी: एका रानातले दोन हिशेब

मागच्या व्याख्यानात आपण पानगळीच्या जंगलाचं वर्ष पाहिलं. आज त्याच रानातल्या दोघांना शेजारीशेजारी उभं करू. एक साग, दुसरी कारवी. एक इमारती लाकूड आणि एक रानफूल, यांची तुलना कसली करायची, असं कुणाला वाटेल. पण 'लाकूड' आणि 'फूल' ही वाटणी आपण माणसांनी केलेली आहे. रानात दोघांपुढचा प्रश्न एकच असतो. पाऊस जेमतेम चार महिने, बाकीचे आठ कोरडे. एवढ्यात वाढायचं कसं आणि बी टाकायचं कधी?

आधी नातं सांगतो, कारण ते ऐकून बऱ्याच जणांना नवल वाटतं. साग, म्हणजे टेक्टोना ग्रँडिस, आज तुळशीच्या कुळात मोडतो. कारवी अडुळसा आणि कोरांटीच्या कुळातली. आणि ही दोन्ही कुळं एकाच गणातली. म्हणजे लांबचे का होईना, पण हे भाऊबंद आहेत.

सागाचा हिशेब साठवणीचा आहे. पावसाळ्यात हातभर पानं काढायची, जोरात वाढायचं, हिवाळ्यात पानं टाकून द्यायची आणि उन्हाळा उघड्या फांद्यांनी काढायचा. ही थांबण्याची आणि सुटण्याची लय लाकडात उमटते. पावसाच्या सुरुवातीच्या वाढीत नलिका मोठ्या असतात, नंतरच्या वाढीत बारीक, म्हणून सागाच्या कापावर वर्षांची वलयं स्पष्ट दिसतात. उष्ण प्रदेशातल्या फार थोड्या झाडांमध्ये ती इतकी स्वच्छ वाचता येतात. झाड जुनं होतं तसं आतलं लाकूड पाणी वाहायचं काम सोडतं आणि त्यात तेलकट द्रव्यं भरत जातात. हाच तो सोनेरी-तपकिरी गाभा, ज्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही. कडेच्या पांढऱ्या लाकडाला हे संरक्षण नाही.

या गाभ्यापायी सागाचा इतिहास घडला. शनिवारवाड्यासाठी साग जुन्नरच्या रानातून आला असं सांगतात. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागाची जहाजं बांधली. त्यातलं 'ट्रिंकोमली' १८१७ साली पाण्यात उतरलं, ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगत्या अवस्थेत पाहायला मिळतं. लाकडाची भूक एवढी वाढली की १८४०च्या दशकात केरळात निलंबूरला सागाची लागवड करावी लागली. आपल्याकडची सागाची सलग, एकसारखी बनं याच विचाराची पुढची पिढी.

इथे जाता जाता एक गोष्ट. १९९०च्या दशकात 'सागात पैसे गुंतवा, वीस वर्षांत लखपती व्हा' अशा योजनांचं पेव फुटलं होतं. तुमच्यापैकी काहींच्या घरी ती सर्टिफिकेटं अजून कपाटात असतील. अशा बऱ्याच कंपन्या बुडाल्या आणि १९९९ मध्ये सेबीला सामूहिक गुंतवणुकीचे नियम आणावे लागले. फसवणूक बाजूला ठेवा, पण वनस्पतिशास्त्रही त्या जाहिरातींच्या विरोधात होतं. कोवळ्या सागात गाभा कमी आणि पांढरं लाकूड जास्त. जुन्या सागाचा भाव त्याला कुठून मिळणार?

आता सागाच्या फुलांकडे येऊ. साग फुलतो हे अनेकांच्या लक्षातही येत नाही. भर पावसात शेंड्यावर पांढुरक्या, बारीक फुलांचे मोठे तुरे येतात. एकेका तुऱ्यात हजारो फुलं, त्यातली बहुतेक गळतात, फळं मोजकीच धरतात. पण हे दर वर्षी चालू राहतं, म्हणून एखादं वर्ष फुकट गेलं तरी सागाचं काही अडत नाही. मजा अशी की लाकूडवाल्यांना हे फूल नकोच असतं. तुरा शेंड्यावर येतो, त्यामुळे शेंड्याची सरळ वाढ तिथे संपते आणि खोडाला दोन फाटे फुटतात. साग जितका उशिरा फुलेल तितका सरळ सोट मिळेल.

कारवीचं याच्या अगदी उलट. सह्याद्रीच्या उतारांवर, झाडांखाली, ही झुडपं दाटीनं वाढतात. बोटाएवढी किंवा अंगठ्याएवढी काठी, खरखरीत पानं. पावसाळ्यात हिरवीगार, उन्हाळ्यात नुसत्या काड्या. अशी सात वर्षं जातात, फूल नाही. मग आठव्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात डोंगरचे डोंगर जांभळे-निळे होतात, मधमाश्यांची चंगळ होते, आणि फुलून झालं की ते झुडूप मरतं. मुंबईत, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, हे २०१६ साली झालं आणि नंतर २०२४ साली. दुसऱ्या डोंगरांवर वर्ष वेगळं असू शकतं.

सगळ्यांनी एकदम का फुलायचं? डॅनियल जान्झेन यांनी १९७६ मध्ये बांबूबद्दल मांडलेली कल्पना इथेही लावली जाते. थोडं थोडं बी दर वर्षी टाकलं तर किडे, उंदीर, पाखरं ते खाऊन टाकतात. एकदम ढीगभर टाकलं तर खाणारे खाऊन खाऊन दमतात आणि तरीही बी उरतं. मधल्या सात वर्षांत खाणाऱ्यांची संख्या त्या बियांवर वाढूही शकत नाही.

पण या हिशेबात एक नाजूक जागा आहे, आणि आजच्या व्याख्यानातलं एवढं जरी लक्षात राहिलं तरी आम्हाला पुरे. फुलं ऑक्टोबरपर्यंत संपतात. बी मात्र तेव्हा पडत नाही. ते वाळक्या बोंडांत झुडपावरच राहतं. पुढच्या जूनमध्ये पहिल्या पावसाचं पाणी लागलं की बोंडं तडतड फुटतात आणि बी उडतं. म्हणजे मधले आठ महिने आठ वर्षांचं सगळं भांडवल मेलेल्या काड्यांवर लटकलेलं असतं. त्यात मार्च-एप्रिलचे दिवस म्हणजे वणव्यांचे.

वणवा सागाखालूनही जातो. सागाचं रोप वर जळलं तरी मुळातून पुन्हा फुटतं. तोडलेल्या बुंध्यालाही फुटवे येतात. कारवीला इतर वर्षी हे थोडंफार जमतं. पण फुलून गेलेल्या वर्षी मूळ मेलेलं असतं, आणि बी जळलं तर तो उतार रिकामा पडतो.

(सभागृहातून प्रश्न: पण आदिवासी कारवी तोडतातच ना, घरांसाठी?)

तोडतात, आणि त्यात चूक काही नाही. वारली घरांच्या कुडाच्या भिंती कारवीच्या काठ्यांच्या असतात, वर शेणमातीचा गिलावा. वारली चित्रं मूळची याच भिंतींवरची. वाड्याला साग आणि झोपडीला कारवी, असा हा इमारतीचा दुसरा अर्थ. म्हणून कारवीला नुसतं रानफूल म्हणणंही अपुरंच आहे. प्रश्न तोडण्याचा नाही, महिन्याचा आहे. फुलोऱ्यानंतर बी उडून गेलं की उभ्या वाळक्या काठ्या हव्या तेवढ्या न्या. त्याआधी, त्या एका उन्हाळ्यात, हात लावू नये.

आणि सागालाही खालच्या झुडपांची गरज आहे. सागाचं पान मोठं, त्यावर पाणी गोळा होऊन जाड थेंब खाली पडतात. खाली झुडपं नसतील तर हे थेंब माती उखडतात. बनात 'साफसफाई' म्हणून झुडुपं काढली किंवा पाचोळा पेटवला की उताराची माती वाहून जाते. हे अनेक सागबनांत दिसून आलेलं आहे. लागवडीच्या कागदावर या झुडपांची नोंद बहुधा 'तण' अशी असते.

बोरिवलीत पुढचा फुलोरा २०३२च्या आसपास यायला हवा. त्याला अवकाश आहे. पण तुमच्या जवळच्या डोंगरावर कारवी शेवटची कधी फुलली, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना आत्ताच विचारून ठेवा. त्यात आठ मिळवा आणि त्या पुढच्या उन्हाळ्याची जाळरेषा कोण काढणार, हे गावच्या वनसमितीत बोलून घ्या. पुढच्या वेळी बांबूकडे वळू.