गोदीतील निवृत्तांचे वेतन

मुंबई बंदराचा कारभार 1873 साली विश्वस्त मंडळाच्या अखत्यारात आला, आणि 2021 च्या कायद्याने त्या मंडळाचे प्राधिकरण झाले. परंतु गोदीत उमेदीची वर्षे वेचलेल्या खलाशाला, क्रेनचालकाला वा दफ्तरातील कारकुनाला या नामांतरापेक्षा दरमहा खात्यात जमा होणाऱ्या रकमेचेच अगत्य अधिक असते, आणि ते स्वाभाविकच होय. ही रक्कम केंद्राच्या खजिन्यातून येत नाही. बंदराने आपल्याच उत्पन्नातून उभारलेल्या स्वतंत्र निधीतून ती दिली जाते, म्हणून मालाची आवक मंदावली की निवृत्तांच्या मनात धाकधूक सुरू होते, आणि ती अनाठायी म्हणवत नाही.

जुन्या योजनेत निवृत्तिवेतन अखेरच्या वेतनाच्या सुमारे निम्मे असते. त्यातील काही अंश विकून एकरकमी पैसा घेता येतो व पंधरा वर्षांनी तो अंश पुन्हा चालू होतो. महागाई भत्ता वेगळा. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावाच लागतो. दोरखंड ओढून ज्याच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या, त्याचा ठसा यंत्र ओळखीत नाही, आणि जिवंत माणसाला आपण हयात असल्याची शाबिती चेहरा दाखवून करावी लागते.

पतीच्या पश्चात पत्नीस मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन मात्र कागदावरील नावाच्या एका अक्षरासाठी अडून राहू शकते. म्हणून निवृत्तांनी आपल्या निवृत्तिवेतनाच्या हुकुमावरील पत्नीचे नाव व जन्मतारीख आजच तपासून घ्यावी.