मडगाव साडेतीनला, मग जेवायचं कुठे?

मुंबईहून पहाटे सुटणारी वंदे भारत एक्स्प्रेस एरवी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी मडगावला पोचते. स्टेशनाबाहेर पडून थोडं चाललं की मासळीचं ताट समोर यायला फार वेळ लागत नाही. पावसाळी वेळापत्रक लागू झालं की हीच गाडी मडगाव गाठते साडेतीनला. फरक दोन तास वीस मिनिटांचा, पण माणसाची जेवायची वेळ नेमकी त्याच दोन तासांत येते. एरवी नाश्त्यावर भागवून गाडीने प्रवाशाला गोव्याच्या हवाली केलं तरी चालतं. पावसाळ्यात त्याला रुळांवरच भूक लागणार. म्हणजे स्वयंपाक कुठे तरी व्हायला हवा, तो वेळेत डब्यात चढायला हवा, वाढेपर्यंत गरम राहायला हवा आणि नंतरच्या खरकट्याचीही सोय लागायला हवी. वेळापत्रकात यातलं काही दिसत नाही. तिथे १३.१० च्या जागी १५.३० एवढंच छापलेलं असतं.

कोकण रेल्वेवर दर पावसाळ्यात हा बदल होतो. बरीच वर्षं ही मुदत १० जून ते ३१ ऑक्टोबर होती. २०२५ मध्ये ती १५ जून ते २० ऑक्टोबर झाली, म्हणजे सोळा दिवसांनी आखडली. या काळात वीर ते कणकवली ताशी ७५ किलोमीटरची वेगमर्यादा, कणकवलीपासून उडुपीपर्यंत ९० ची. पाऊस असा कोसळू लागला की समोरचं धड दिसेना, तर चालकाने गाडी ताशी ४० वर आणायची. या दंडकांमागे २२ जून २००३ ची रात्र आहे. कारवारहून मुंबईकडे निघालेली हॉलिडे स्पेशल वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीवर आदळली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच जूनमध्ये मत्स्यगंधा एक्स्प्रेसला तसाच अपघात झाला. तेव्हा गाडी सावकाश का हाकता, अशी कुरकुर करण्यात राम नाही. माझं गाऱ्हाणं वेगाचं नाही, पोटाचं आहे.

वेग उतरला म्हणजे सगळ्या गाड्या सारख्याच रेंगाळतात, असंही नसतं. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग. त्यात रोहा ते वीर हा ४७ किलोमीटरचा तुकडा २०२१ मध्ये दुहेरी झाला, बाकीचा बहुतेक एकेरीच आहे. समोरून गाडी येत असली की एकीने स्टेशनात बाजूच्या लाइनवर उभं राहायचं, दुसरीने निघून जायचं. कोकणात जाणारं शेंबडं पोरही याला क्रॉसिंग म्हणतं. एका गाडीची वेळ सरकली की तिची सगळी क्रॉसिंगं सरकतात, आणि ज्या गाड्यांशी ती व्हायची त्यांचीही. यातून एक गंमत होते. जिथे चहा, वडे, पाण्याच्या बाटल्या सगळं मिळतं, त्या स्टेशनात गाडी दोन-पाच मिनिटं थांबते. जिथे फलाटावर चिटपाखरू नसतं तिथे मात्र वीस-वीस मिनिटं उभी. गाडी थांबली तरी प्रवाशाच्या हाती काही लागत नाही.

वंदे भारतची अडचण आणखी वेगळी. एरवी तीच गाडी मडगावला थोडा दम खाऊन दोन चाळीसला परत फिरते आणि रात्री दहा पंचवीसला मुंबईत येते. त्यामुळे ती आठवड्यातून सहा दिवस धावू शकते. पावसाळ्यात साडेतीनला पोचलेली गाडी त्याच दिवशी माघारी पाठवायची तर मुंबईत मध्यरात्र उलटेल. म्हणून एक दिवस जायचं, दुसऱ्या दिवशी यायचं, आणि फेऱ्या आठवड्याला तीन. परतीची गाडी सुटते दुपारी बारा वीसला, मुंबईत पोचते मात्र त्याच दहा पंचवीसला. दहा तासांच्या या बैठकीत दुपारचं जेवण, चार-पाचचा चहा आणि रात्रीचं जेवण अशा तिन्ही वेळा येतात. तिकिटातला खानपानाचा आकारही वाटेत कुठली वेळ पडते त्यावर ठरतो. वेळ बदलली की ताट बदलतं आणि ताटाबरोबर पैसेही.

हे ताट येतं कुठून, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. वंदे भारतसारख्या नव्या गाड्यांत स्वयंपाक होत नाही. डब्यात छोटी पॅन्ट्री असते, त्यात अन्न गरम ठेवायची कपाटं आणि बाटल्या थंड ठेवायची सोय. जेवण शिजतं जमिनीवरच्या स्वयंपाकघरात, तिथून ठरल्या स्टेशनात गाडीत चढतं आणि ठरल्या वेळी वाढलं जातं. पोळी किती वाजता लाटायची हे इथे गाडीच्या वेळेवर ठरतं. गाडी तासभर उशिरा आली की पोळीची वातड चकती होते, भात कडक होतो आणि डाळीवर साय धरते. आचाऱ्याचं काही चुकलेलं नसतं. जुन्या पद्धतीच्या पॅन्ट्री कारमध्ये निदान गाडीतच काही शिजवता, तळता येतं; उशीर झाला तर पुढचा घाणा मागाहून काढता येतो. नव्या गाडीचं खानपान चकचकीत, पण त्याला उशीर सोसत नाही. जुन्या गाडीचं तेलकट खरं, पण तग धरणारं.

एका श्रावणातली दुपार आठवते. आमची गाडी लहानशा स्टेशनाच्या अलीकडे सिग्नलला उभी. समोरच्या बाकावरच्या आजींनी वेळ झाली म्हणून मधुमेहाची गोळी घेतली होती आणि जेवणाची ऑर्डर सकाळीच देऊन ठेवली होती. वेटर बर्थ नंबर लिहिलेली वही घेऊन दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा आजींनी त्याला हटकलं, "अरे बाळा, गोळी पोटात गेली, आता जेवण कधी?" तो बिचारा म्हणाला, "मावशी, डबे पुढच्या मोठ्या स्टेशनला चढतात. गाडी हलली की पहिला डबा तुमचा." गाडी काही हलेना. शेवटी वरच्या बर्थवरच्या कुडाळच्या बाईंनी घावनं आणि लसणाची चटणी काढली, आणि आजींचा हात थरथरायचा थांबला. डबे आले तेव्हा चहाची वेळ झाली होती. त्या पोराच्या वहीत गाडीची छापील वेळ लिहिलेली होती, खरी वेळ त्याला कोणी सांगितलीच नव्हती.

कोकणातल्या गाड्यांच्या खाण्याची गोष्ट मांडवी एक्स्प्रेसचं नाव न घेता पुरी होत नाही. गाडीतलं खाणं हाच प्रवासाचा हेतू मानणारे लोक या गाडीला आहेत, आणि मला ते वेडे वाटत नाहीत. मेदूवडे, ऑम्लेट, बटाटेवडे, चिकन लॉलीपॉप, गुलाबजाम, मधूनच सूप. सकाळी मुंबई सोडल्यापासून डब्यातून फेऱ्या चालू असतात. हे जमतं कारण ही दिवसाची गाडी आहे, दिवसभराच्या सगळ्या खायच्या वेळा तिच्या वाट्याला येतात, आणि विकणाऱ्यांना कुठल्या वेळी कुठला पदार्थ खपतो हे पाठ आहे. पावसाळ्यात प्रवास लांबला तर अशा गाडीला एक फेरी जास्त मिळते, एवढंच. फटका बसतो तो जेवायच्या एकाच वेळेच्या हिशेबावर चालणाऱ्या गाड्यांना.

आणि ज्यांत पॅन्ट्रीच नाही त्यांना. दिवा–सावंतवाडीसारख्या गाडीत जेवणाची भिस्त घरून आणलेल्या डब्यावर आणि स्टेशनातल्या विक्रेत्यांवर. फलाटावरचा वडेवाला घड्याळापेक्षा गाडीकडे बघून जगतो. अमुक गाडी येते म्हणून अमुक वाजता कढई चढवायची, हा त्याचा हिशेब जूनमध्ये मोडतो आणि ऑक्टोबरात पुन्हा मोडतो. गाडी दुपारी एकच्या ऐवजी तीनला आली तर वड्याला गिऱ्हाईक कमी, चहाला जास्त. मोबाइलवरून पीएनआर टाकून पुढच्या स्टेशनात जेवण मागवायची सोय आहे आणि ती चांगली आहे; तिथे हॉटेलवाला गाडीच्या चालू ठिकाणावर नजर ठेवू शकतो. पण घाटाबोगद्यांत मोबाइलची रेंज आलटून पालटून जाते, आणि ऑर्डर ज्या स्टेशनाची त्याच स्टेशनात गाडी दोन मिनिटं थांबणार. डबा घेऊन धावणारा पोरगा तुमच्या डब्यापर्यंत पोचला तर नशीब.

खाण्यामागोमाग पाण्याचा प्रश्न. डब्यांतल्या पाण्याच्या टाक्या भरायची सोय मोजक्याच स्टेशनांत असते. दोन तास प्रवास वाढला की भरल्या गाडीत नळ शेवटच्या टप्प्यात सुकतात, आणि तेव्हा मिळालेलं गरम जेवणही गोड लागत नाही. केरळातून उत्तरेकडे जाणाऱ्या मंगला एक्स्प्रेससारख्या गाड्या पावसाळ्यात काही तास आधीच सुटतात, म्हणजे जो प्रवासी एरवी घरी जेवून निघतो तो न जेवता गाडीत चढतो. रात्रीच्या गाड्यांचं दुखणं निराळं: गाडी आधी सुटल्यामुळे वाटेत पहाटे पाचला उतरणारा अडीचला उतरतो आणि रिक्षा मिळेपर्यंत फलाटावर बसून राहतो. गणपतीही याच महिन्यांत येतात. शेकडो जादा फेऱ्या त्याच एकेरी रुळांवर सुटतात, क्रॉसिंगं वाढतात, आणि चाकरमान्याच्या पिशवीत मोदकाच्या साच्याबरोबर दोन दिवसांची पोळीभाजी असते ती उगाच नाही.

निसर्गाचा घाव बसला की मात्र कुठलंच वेळापत्रक कामी येत नाही. जुलै २०२४ मध्ये खेडजवळ दिवाणखवटी येथे दरड आली, वाहतूक जवळपास एक दिवस ठप्प झाली आणि अडकलेल्यांना एसटीने पुढे न्यावं लागलं. असे दिवस धरून खानपानाचं नियोजन करता येत नाही. पण १५ जून दरवर्षी ठरलेल्या दिवशी येतो, त्याचं काय?

इथे नियमातली एक खोच बघा. राजधानी, शताब्दी, दुरांतोसारख्या गाड्यांना दोन तासांहून जास्त उशीर झाला तर प्रवाशाला मोफत खाणं-पिणं द्यायचं असतं. उशीर मोजतात तो छापील वेळेपासून. छापील वेळच दोन तासांनी लांबवली की गाडी 'वेळेवर' ठरते, आणि भुकेला दाद मागायची सोय उरत नाही. गाडी तीन तासांहून जास्त उशिरा सुटत असेल आणि तुम्ही प्रवास केला नाही, तर पूर्ण पैसे परत मिळतात. तेही छापील वेळेच्याच हिशेबाने.

लांबवलेलं वेळापत्रक तरीही मला पसंत आहे. उशीर आधी सांगितला तर निदान डबा बांधता येतो, न सांगता झाला तर आजींसारखी गत होते. माझी मागणी एवढीच की नवी वेळ जाहीर करताना शेजारी आणखी एक रकाना असावा: या गाडीत कुठलं जेवण, कुठून कुठपर्यंत, कुठल्या स्टेशनात चढणार, आणि पॅन्ट्री आहे की नाही. जूनच्या तारखा आधीच ठरलेल्या असतात, कंत्राटदाराला त्या कळवायलाच लागतात. मग प्रवाशालाही कळवायला काय हरकत आहे? तिकिटं आता साठ दिवस आधी काढता येतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्याचं तिकीट ऑगस्टमध्येच हातात असणाऱ्याने निघायच्या आदल्या दिवशी १३९ ला फोन करून गाडीची वेळ विचारून घ्यावी, आणि त्याच फोनवर जेवणाचीही चौकशी करावी.