वीस किलोंची साक्ष

इसवी सन 1960 मध्ये इंग्लंडात टर्की पक्ष्यांची एक लाखाहून अधिक पिल्ले अवघ्या काही महिन्यांत दगावली, आणि त्या अज्ञात रोगाचा माग काढीत गेलेल्या संशोधकांना त्याचे मूळ अखेरीस सापडले ते ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत, ‘अस्परजिलस फ्लेव्हस’ नामक बुरशीने निर्माण केलेल्या विषात. हेच ते अफ्लाटॉक्सिन. अतिनील किरणांखाली त्याचे काही घटक निळे, काही हिरवे चकाकतात. त्या चकाकीच्याच आधारे त्याच्या परीक्षेचा पाया घातला गेला.

परंतु ह्या परीक्षेचे खरे मर्म प्रयोगशाळेच्या अलीकडे, गोदामात आहे. युरोपीय संघाच्या नियमानुसार थेट खाण्याच्या शेंगदाण्यांत हे विष किलोमागे चार मायक्रोग्रॅमपेक्षा, म्हणजे हजार टनांमागे चार ग्रॅमपेक्षा, अधिक असता कामा नये. आणि एवढे अल्प विषही मालात सारखे पसरलेले नसते. पीक भरण्याच्या दिवसांत पावसाने ओढ दिली, जमीन तापली, की बुरशी मातीतच शेंगेत शिरते. पुढे हजारो दाणे निर्दोष निघतात आणि एखाद्याच दाण्यात विष उदंड साठलेले असते. म्हणून मूठभर दाण्यांवरून दिलेला दाखला हा दाखलाच नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्या खेपेतून, दर्शनी थप्पीवर न थांबता, शंभर ठिकाणांहून थोडाथोडा माल काढून वीस किलोंचा नमुना जमवावा लागतो, तो दळून एकजीव करावा लागतो, आणि मगच त्यातला अल्प अंश यंत्रापुढे जातो. हे कष्टाचे, कंटाळवाणे काम इमानाने करणारा निरीक्षक मला कोणत्याही यंत्राहून मोलाचा वाटतो. कारण नमुन्यात झालेली कसूर पुढे कोणत्याही उपकरणाने भरून निघत नाही.

भाजल्याने हे विष पुरते नष्ट होत नाही. तेलाच्या शुद्धीकरणात ते निघून जाते, पेंडीत मात्र राहते, आणि ती पेंड खाणाऱ्या गाईम्हशींच्या दुधात रूप पालटून उतरते.

निर्यातीच्या मालाभोवती असा चोख बंदोबस्त आहे. परंतु 1974 साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल ह्या जिल्ह्यांत ह्याच विषाने दूषित झालेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे मरण पावली, तेव्हा अवकाळी पावसात भिजलेला तो मका गरीब आदिवासींच्या घरांत साठवलेला होता. त्याचा नमुना घेण्यास कोणताही निरीक्षक येणार नव्हता, आणि त्या घरांना निकड होती ती धान्य कोरडे राखण्याच्या सोयीची.