हृदयाची गोळी आणि इन्सुलिनची वेळ

क्लोपिडोग्रेल ही रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी गोळी. माणसांच्या औषधाच्या दुकानात ती ७५ मिलिग्रॅमची मिळते. मांजराला सहसा तिचा चतकोर, म्हणजे १८.७५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा देतात. गोळी कापली की वरचं आवरण तुटतं आणि आतला कडवटपणा उघडा पडतो. जिभेला लागताच मांजराच्या तोंडाला फेस येतो. एरवी ही नुसती कटकट; पण त्याच मांजराला मधुमेह असेल, तर ती जिवावर बेतू शकते.

कसं ते पाहा. गोळी जेवणात लपवली आणि कडू लागली, की मांजर त्या वाटीकडे पाठ फिरवतं. मधुमेही मांजराला इन्सुलिन मात्र बहुधा बारा बारा तासांनी, खाण्याच्या वेळेला टोचायचं असतं. पोटात अन्न नसताना नेहमीचा डोस गेला, तर साखर झपाट्याने उतरते. मांजर लडखडतं, निपचित पडतं, झटकेही येतात. म्हणून हृदयाचं औषध जेवणात कालवू नये. रिकाम्या जिलेटिन कॅप्सूलमध्ये तुकडा भरून तो थेट घशाशी ठेवावा आणि मागोमाग बिनसुईच्या सिरिंजने थोडं पाणी पाजावं, कारण कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करू शकते. गोळीनंतर खाऊ द्यायचा, तर मध किंवा गोड सिरप मधुमेहाला चालत नाही, खारट चीज हृदयाला चालत नाही. बिनमिठाच्या उकडलेल्या चिकनचा लहानसा तुकडा दोन्हीला चालतो. आणि मांजर जेवलंच नाही तर इन्सुलिनचं काय करायचं, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावं.

मुळात ही गोळी लागते कशाला? मांजरांमध्ये हृदयाच्या स्नायूची भिंत जाड होण्याचा आजार बराच आढळतो. अंदाजे १५ टक्के मांजरांमध्ये. भिंत जाडावली की हृदय नीट सैल पडत नाही, डावा वरचा कप्पा फुगतो, रक्त तिथे रेंगाळतं आणि गोठतं. ती गुठळी बहुतेकदा महाधमनी जिथे मागच्या पायांकडे फुटते तिथे जाऊन अडकते आणि मागचे पाय लुळे पडतात. अशा झटक्यातून वाचलेल्या ७५ मांजरांवर अमेरिकेत झालेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ॲस्पिरिन घेणाऱ्या मांजरांत पुन्हा गुठळी होईपर्यंतचा मध्यक काळ १९२ दिवसांचा होता, क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांत ४४३ दिवसांचा. या कडू गोळीसाठी एवढा खटाटोप करायचा तो यासाठी.

मधुमेहातही मांजराचे मागचे पाय दुबळे होतात, आणि इथे फसगत होते. साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की नसा बिघडतात आणि मांजर हळूहळू टाच टेकून चालू लागतं. गुठळीचं तसं नाही. ती अचानक होते, मांजर वेदनेने किंचाळतं, पंजे गार पडतात. अशा वेळी एक क्षणही थांबू नये, दवाखाना गाठावा.

इतर औषधंही दोन्ही आजारांच्या चष्म्यातून तपासावी लागतात. फुप्फुसात पाणी झालं की फ्युरोसेमाइड देतात. त्याने लघवी वाढते, आणि मधुमेहानेही ती वाढलेलीच असते. शरीर लवकर सुकतं, मूत्रपिंडांवर ताण येतो. पाण्याचं भांडं म्हणूनच कधीही काढून घेऊ नये. ॲटेनोलॉल हृदयाचे ठोके मंदावतं. साखर घसरल्यावर हृदयाची जी धडधड होते तो शरीराचा इशारा असतो, आणि हे औषध तोच दाबू शकतं. खाजेवर किंवा दम्यावर दिलेलं स्टिरॉइड तर साखर वाढवतं आणि काही मांजरांत हृदय निकामी होण्यालाही निमित्त ठरतं. त्वचेसाठी वेगळ्या डॉक्टरांकडे जाताना हे दोन्ही आजार आवर्जून सांगावेत.

भारतात इन्सुलिनच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. इथे मिलिलिटरला ४० युनिटच्या आणि १०० युनिटच्या अशा दोन्ही बाटल्या मिळतात. सिरिंजही दोन तऱ्हेच्या, ४० ची लाल टोपीची आणि १०० ची नारिंगी टोपीची. ग्लार्जिन हे इन्सुलिन सहसा १०० चं असतं. ते लाल टोपीच्या सिरिंजमध्ये तेवढ्याच खुणेपर्यंत भरलं, तर डोस अडीचपट होतो.

घरच्या माणसाने एक वही ठेवावी. किती खाल्लं, किती युनिट टोचले, गोळी पोटात गेली की थुंकली, आणि गाढ झोपेत मिनिटाला श्वास किती. हा आकडा तिसाच्या आत हवा. तो सतत वर जाऊ लागला, तर धाप दिसण्याची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा. दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची साखर उगीचच वाढलेली दिसते, त्यामुळे कानाच्या कडेवरून घरी घेतलेला थेंब जास्त खरं सांगतो.

कधी कधी दोन्ही आजारांचं मूळ एकच निघतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युइटरी ग्रंथीत छोटी गाठ होते, वाढीचं हार्मोन जास्त पाझरतं, इन्सुलिन लागू पडेनासं होतं आणि हृदयाची भिंतही जाडावते. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी १,२२१ मधुमेही मांजरांचं रक्त तपासलं, तेव्हा सुमारे चारातल्या एकात याची खूण आढळली. तिथे ही ग्रंथी शस्त्रक्रियेने काढतात. त्यानंतर अनेक मांजरांचं इन्सुलिन सुटतं. डोस वाढत चालला, तरी साखर हटत नाही आणि वजन मात्र वाढतंय, असं दिसलं तर वाढीच्या हार्मोनचा माग देणाऱ्या आयजीएफ-१ ची रक्ततपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारावं.