पाळी जाण्याचे वय, अर्धशिशी आणि रक्त पातळ करणारी गोळी

कापसाची वेचणी चालू आहे. कमरेची ओटी भरत आली, ऊन माथ्यावर आले आणि उजव्या कानशिलात ठणका सुरू झाला. उजेड सोसवत नाही, मळमळते. तुम्ही बांधावरच्या कडुनिंबाखाली टेकता. सून विचारते, "मामीजी, दुकानातून गोळी आणून देऊ काय?" तुम्ही म्हणता, "आण वं माय, डोकं लय दुखून राह्यलं."

गावोगावी हे रोज घडते आणि बहुतेक वेळा त्यात काही बिघडतही नाही. पण याच मामीजी रोज रात्री 'रक्त पातळ राहावे' म्हणून एक लहानशी गोळी घेत असतील, तर दुकानातून आणलेली ती स्वस्तातली गोळी जिवावर बेतू शकते. भगिनींनो, आज लिहायचे आहे ते याबद्दल.

रक्त पातळ करण्याची गोळी कोणाला असते? लहानपणी घसा सुजून ताप आला, सांधे धरले, आणि त्या तापाने हृदयाची झडप कायमची खराब केली, अशा कितीतरी बाया आपल्याकडे आहेत. पुढे चाळिशीत कोणाला नागपूरला नेऊन कृत्रिम झडप बसवावी लागते. कोणाचे हृदय ताल सोडून चालते. कोणाच्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असते. या साऱ्यांना वॉरफरिन किंवा असिनोकुमारॉल नावाची गोळी मिळते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल देतात. गावात या सगळ्यांना 'रक्त पातळ करायची गोळी' असे एकच नाव आहे, पण त्यांचे काम वेगवेगळे आहे. म्हणून आपल्या गोळीचे नाव पाकिटावरून वाचून घ्या. स्वतःला वाचता येत नसेल तर शाळेतल्या नातवाकडून वाचून घ्या आणि पाठ करा.

या वॉरफरिनची कथा शेतकऱ्याच्या घरात सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत स्वीट क्लोव्हर नावाचा चारा पिकवीत. ओल्या हवेत त्याला बुरशी लागली की तो खाणारी गुरे रक्त वाहून मरत. शिंग कापले तरी रक्त थांबत नसे. हातात पैसा नाही, त्यामुळे सडका चारा फेकूनही देता येत नव्हता. ही अडचण आपल्याला नवी नाही. फेब्रुवारी १९३३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातला एड कार्लसन नावाचा शेतकरी बर्फाच्या वादळातून सुमारे तीनशे किलोमीटर गाडी हाकीत मॅडिसन गावी विद्यापीठात पोचला. गाडीत मेलेली कालवड, सडका चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त. कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाने ते ठेवून घेतले, आणि पुढे १९३९ मध्ये त्याच्या प्रयोगशाळेत चाऱ्यातले ते द्रव्य वेगळे निघाले. त्याच कुळातले वॉरफरिन १९४८ मध्ये आधी उंदीर मारायला विकले गेले आणि १९५४ पासून माणसांचे औषध झाले. आज आपल्या कोठारात उंदरांसाठी ब्रोमाडिओलोनची वडी ठेवतात, तीही याच गोतावळ्यातली.

म्हणून ही गोळी विष समजून टाकून द्यायची नाही. ती बंद केली तर झडपेवर गुठळी धरते, आणि ती मेंदूत गेली तर अर्धे अंग जाते. फार झाली तर रक्तस्राव, कमी पडली तर गुठळी. या दोहोंच्या मधल्या अरुंद बांधावरून चालायचे असते. आपण बांधावर आहोत की नाही हे रक्ताच्या आय.एन.आर. नावाच्या तपासणीवरून कळते. गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आकडा १ च्या आसपास असतो. ही गोळी घेणाऱ्यांपैकी बहुतेकांचा २ ते ३ ठेवतात, काही कृत्रिम झडपांना थोडा जास्त. तुमचा किती हवा ते डॉक्टर कागदावर लिहून देतील. यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय अशा मोठ्या ठिकाणी ही तपासणी होते. घाटंजी किंवा झरी-जामणीकडून त्यासाठी जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते, हे ठाऊक आहे. तरीही ती बुडू द्यावी.

आता डोक्याकडे येऊ. चाळिशी उलटून पाळी जायची वेळ आली की ती आधी वेडीवाकडी होते. कधी पंधरा दिवसांत येते, कधी तीन महिने येत नाही. अंगातले इस्ट्रोजेन नावाचे स्त्रीरस या काळात चढउतार करते, आणि ज्या बाईला मुळात अर्धशिशी आहे तिचे डोके या चढउतारावर उठते. अर्धे डोके ठणकते, ओकारी येते, अंधाऱ्या खोलीत पडून राहावेसे वाटते आणि हे चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालते. काहींना आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक दिसते. 'गर्भपिशवी काढून टाका, डोके थांबेल' असा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. पिशवी काढल्याने अर्धशिशी जात नाही, आणि पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर बहुधा डोके जास्तच उठते. शेजारणीची पाळीची गोळीही घेऊ नका. तोंडाने घेण्याच्या इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढतो, आणि तुमचे सारे औषध त्या गुठळीविरुद्धच तर चालू आहे.

मग डोके दुखले तर घ्यायचे काय? साधी पॅरासिटामॉल. तीच आधी डॉक्टरांना विचारून ठेवा. सलग काही दिवस रोज तीन-चार गोळ्या घेतल्या तर वॉरफरिनचा आकडा तिनेही चढतो, म्हणून लागोपाठ लागत असेल तर रक्त तपासायला हवे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन आणि डॉक्टरांनी न सांगितलेली ॲस्पिरिन मात्र नको. त्या पोटात जखम करतात आणि ती वाहू लागली की थांबत नाही. डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिनच, आणि कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन असते. नाव वेगळे असले की आपण फसतो. अर्धशिशीच्या म्हणून मिळणाऱ्या काही गोळ्यांत अर्गोटामिन असते. बाजरीच्या कणसावर अरगट पडतो ना, त्याच्याच भाऊबंद बुरशीतून ते निघाले. ते रक्तवाहिन्या आवळते, म्हणून हृदयविकार असलेल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. डोके महिन्यातून चार-पाच वेळा उठत असेल तर ते उठूच नये म्हणून रोज घ्यायची औषधे डॉक्टरांकडे आहेत. ती मागा.

सुईबद्दल एक शब्द. 'सुई टोचल्याशिवाय बरे वाटत नाही' ही आपली जुनी खोड. रक्त पातळ असताना कुल्ल्यावर सुई घेतली तर आत मांसात रक्त साकळून मोठी गाठ होते. सुई टोचणाऱ्याला आधी सांगा. तुंबडी लावणे, डाग देणे, बिब्बा घालणे हे तर अजिबात नको. सूर्योदयाआधी दुधाबरोबर जिलेबी खाण्याचा जुना उपाय आहे, त्यात साखरेचा आजार नसेल तर काही बिघडत नाही! कपाळाला बाम जरासा लावला तर चालेल, पण काही बाममध्ये गंधपुरा तेल असते. ते रोज मानेपाठीला भरपूर चोळले तर अंगात मुरून आकडा वाढवते.

डोके का उठले याचे कारण बरेचदा घरातच असते. उपाशीपोटी वेचणीला जाणे, दोन दोन दिवसांचे उपवास, पाणी कमी पिणे, झोपमोड. निदान या वर्षांत निर्जळी उपवास सोडावा, देव रागवायचा नाही. फवारणीच्या दिवसांत मात्र दुसरेही कारण लक्षात घ्यावे. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसे दगावली. फवाऱ्याला पाणी आणून देणाऱ्या बाईचे डोके दुखू लागले, डोळे चुरचुरले, घाम आणि लाळ सुटली, तर ती अर्धशिशी समजून घरी पडू नका, दवाखान्यात जा.

सगळ्यात महत्त्वाचे हे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना काही डोकेदुखी घरात ठेवायची नसते. वीज कोसळावी तशी एकाएकी आलेली, आजवर कधी झाली नाही इतकी तीव्र. बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे, हात गळणे, झटके येणे, गुंगी येणे यांपैकी काही सोबत असलेली. नेहमीच्या अर्धशिशीहून वेगळी वाटणारी. आणि डोक्याला मार लागल्यानंतरची. बुटक्या चौकटीचा टोला, बैलाच्या शिंगाचा धक्का, मोटारसायकलच्या मागच्या सीटवरून पडणे. वरून जखम नाही म्हणून आपण विसरतो. आत कवटीखाली रक्त हळूहळू झिरपत राहते आणि कधी दोन-तीन आठवड्यांनी डोके दुखू लागते, बाई गप्प राहते, झोपाळू होते, पैशाचा हिशेब चुकवते. घरचे म्हणतात, वय झाले. अशा वेळी १०८ ला फोन करा आणि गाडीत बसताना गोळीचे पाकीट व शेवटच्या आय.एन.आर.चा कागद बरोबर घ्या. डोक्याचा सी.टी. स्कॅन लागतो, तो जिथे होतो तिथेच सरळ न्यायला सांगा. रक्त पुन्हा गोठायला लावणारी औषधे असतात, पण कोणती गोळी चालू आहे हे डॉक्टरांना आधी कळले पाहिजे.

या वयात आणखी एक गोष्ट घडते, ती बाया लाजेने सांगत नाहीत. पाळी जाताना अंगावरून जास्त जाते, आणि रक्त पातळ असले की फारच. त्यातून हिमोग्लोबिन उतरते, दम लागतो आणि डोके रोजच दुखते. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरीण बाईंना स्पष्ट सांगा, त्यावर वेगळे उपाय आहेत. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले तर 'गोळीमुळे असेल' म्हणून सोडू नका, पिशवी तपासून घ्या.

भाजीपाल्याचे एकच सांगणे: रोज सारखेच खा. पालक, मेथी, हरभऱ्याची भाजी, चवळाई, शेवग्याचा पाला यांत गोळीच्या उलट काम करणारे के जीवनसत्त्व असते. हिवाळ्यात रोज भाजी आणि उन्हाळ्यात नुसती डाळ, असे झाले की आकडा हलतो. जुलाबासाठी मेट्रोनिडॅझोल घेतली तरी तो चढतो. हंगाम बदलला किंवा नवे औषध सुरू झाले की तपासून घ्यावे.

पाळी कायमची गेली की बहुतेकींची अर्धशिशी वर्ष-दोन वर्षांत ओसरते. तोवर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने पाळीची तारीख, निळ्याने डोके दुखले तो दिवस आणि रात्रीची गोळी घेतल्याची बारीक खूण करीत जा. पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे जाताना ती पानेच घडी घालून पिशवीत टाका.